डाव्या कडीखालचा आकडा

शौर्याची फार आवड असलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. त्यांच्यातला एकही कधी कोणाशी लढलेला नव्हता. यवतमाळचे एक वकीलसाहेब तर भिंतीवर पाल दिसली की दोन्ही पाय खुर्चीवर घेत, आणि त्याच खुर्चीत मांडी घालून मला सांगत, की पहिल्या महायुद्धात आपली माणसं काय मर्दानी लढली. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, कपाटात निळी मखमल, आणि मखमलीवर ओळीने मांडलेली लढायांची मेडलं. वकील त्यांना 'माझे जवान' म्हणत. पक्षकार बाहेर ओट्यावर ताटकळत बसलेले असायचे आणि साहेब आत जवानांवरची धूळ झटकत असायचे.

मीही त्याच रोगाचा रोगी होतो. मला मखमल परवडत नसे, म्हणून मी माझी मेडलं बिस्किटांच्या डब्यात ठेवी, आणि एवढ्याच भांडवलावर स्वतःला वकिलांपेक्षा थोर समजे.

मी दारव्ह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला, तेव्हा हेडमास्तरांनी भिंतीवरच्या नकाशात लाल शाईने नवी सीमा स्वतः ओढली आणि निम्मा विदर्भ बाहेरच ठेवला. पोरांनी ती चूक दाखवली तर त्यांनाच छड्या बसल्या. अशा शाळेत माणसाला काहीतरी छंद लागतोच. कोणी पत्ते खेळत, कोणी एकमेकांच्या चहाड्या करत. मला मेडलांचं वेड लागलं ते बायकोच्या जोडव्यांमुळे.

जोडवी सैल झाली म्हणून सोनाराकडे गेलो होतो. त्याच्या शेगडीपाशी मोडीच्या चांदीचा ढीग होता आणि त्यात रुपयापेक्षा मोठा, जाड असा एक गोल तुकडा होता. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक उघडानागडा स्वार. मी तो उचलून फिरवला. रुपयाला जिथे दाते असतात तिथे, त्या कडेवर, बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. आधी एक नंबर, मग हुद्दा, मग आपल्याकडचंच एक नाव, मग पलटणीचं नाव.

"काय लेयलं हाय त्याच्यावर?" सोनाराने विचारलं.

"माणसाचं नाव आहे."

"नाव वितळते," सोनार म्हणाला. "चांदी चांगली हाय. असे लई आले मायाकडे."

किती आले, असं विचारल्यावर त्याने मुशीकडे बोट दाखवलं. त्या मुशीत चाळीस वर्षांत जिल्ह्यातल्या किती माणसांची नावं पाणी होऊन गेली असतील याचा हिशेब त्याच्याकडे नव्हता आणि तो ठेवायला मीही काही सरकार नव्हतो. मी ते मेडल चांदीच्या भावाने घेतलं आणि जोडवी तिथेच विसरून घरी आलो.

पुढे कळलं की हे मेडल दोन प्रकारचं असतं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या बहुतेकांना एक चांदीचं मिळालं आणि एक पितळेसारख्या दिसणाऱ्या काशाचं, ज्यावर पंखवाली बाई आहे. चांदीचं सोनाराने खाल्लं. काशाचं कोणाला नको होतं, म्हणून ते पोरांच्या खेळण्यात, बैलाच्या गळ्यात, मोडीवाल्याच्या पोत्यात उरलं. दोन्ही मेडलं एकाच माणसाची, एकाच नंबरची मिळाली की आम्ही त्या जोडीला 'सेट' म्हणायचो. सेट मिळणं दुर्मीळ, आणि जे दुर्मीळ त्यासाठी शहाणी माणसं काहीही करतात.

सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, नाहीतर एस्टीने जायचं, बाजारात फिरायचं, म्हाताऱ्या माणसांना गाठायचं आणि घरात कोणी लढाईवर गेलं होतं का विचारायचं. केळापूरपर्यंत मी जाऊन आलो. सगळीकडे लोक मला सरकारी माणूस समजत. निम्मे म्हणत पेन्शन द्यायला आलाय, निम्मे म्हणत जमीन मोजायला. मी इतिहासासाठी आलोय असं सांगितलं की दोघेही हिरमुसत. मग त्या माणसाचा नंबर घेऊन मी लष्कराची जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या कचेरीला इंग्रजीत पत्र पाठवायचो. शाळामास्तराच्या पत्राला कोण विचारतो. वकिलांच्या छापील कागदावर तेच पत्र गेलं की दोन-तीन महिन्यांत उत्तर यायचं. वकिलांची आणि माझी मैत्री या छापील कागदापुरती होती.

त्यांच्या संशोधनाची रीत मला ठाऊक झाली होती. उत्तर आलं की ते त्यावरून एक कार्ड लिहीत आणि मेडलाखाली लावत. कचेरी लिहायची, 'हिवतापाने मृत्यू'. कार्डावर यायचं, 'शत्रूच्या प्रदेशात देह ठेवला'. कचेरी लिहायची, 'स्वयंपाकी'. कार्डावर, 'रणभूमीवर सेवा'. त्यांच्या कपाटात कधी कोणी आजारी पडलं नाही, कोणी पळून गेलं नाही, कोणी भाकऱ्या भाजल्या नाहीत. सव्वीस जानेवारीला शाळाशाळांतून ते या जवानांवर भाषण ठोकत आणि मुलं उन्हात चक्कर येऊन पडत. मी मागे उभा राहून मनातल्या मनात त्यांच्या चुका मोजी. पुढे जाऊन बोलायची हिंमत मात्र कधी केली नाही, कारण छापील कागद त्यांचा होता.

एकदा दारव्ह्याच्या बाजारात मोडीवाल्याच्या पोत्यात मला काशाचं एक मेडल सापडलं. खेचरांच्या पलटणीतला ड्रायव्हर. त्या पलटणीत जो खेचरं हाकतो तो ड्रायव्हर. नाव उघडउघड तांड्यावरचं होतं. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्यांची ही जात, जनावर हाकणं त्यांच्या रक्तातलं, तेव्हा लष्कराने त्यांना बरोबर ओळखून उचललं असणार. वकिलांनी ते मेडल माझ्याकडून गोड बोलून काढून घेतलं. पण त्याचा चांदीचा भाऊ कुठे होता? "अर्धा सेट, मास्तर, अर्धा सेट," असं ते दर भेटीला म्हणत आणि जेवलेलं अंगी लागत नसल्यासारखं तोंड करत. त्यांना अर्धवट काही चालत नसे. बायकोशी मात्र त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, त्याच बाजारात, मला ते चांदीचं दिसलं. निदान मला तसं वाटलं.

तांड्यावरची एक म्हातारी तुरीच्या पाटीमागे बसली होती. साठीची असेल. कानांजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या, कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्यांचा चूडो, म्हणजे त्यांच्यात सवाष्ण बाई जे जे घालते ते सगळं अंगावर. गळ्यात जुन्या रुपयांची माळ, आणि मधोमध, दोन्ही बाजूंना कड्या लावून ओवलेला, तो नागडा घोडेस्वार.

मी पाटीपुढे उकिडवा बसलो आणि पिशवीतलं भिंग काढलं. भर बाजारात इंग्रजीचा मास्तर म्हाताऱ्या बाईच्या गळ्याशी भिंग घेऊन वाकलाय, हे बघायला लोक जमले. एका वर्गातल्या चार पोरांनी तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर चित्रच काढलं. म्हातारी मात्र जराही अवघडली नाही. तिने माळ दोन बोटांनी पुढे ओढून धरली.

"काय पाह्यता गुरुजी?"

"हे कुठून आलं?"

"त्यानं धाडलं," ती म्हणाली.

तिच्यासोबत तिचा पुतण्या बसला होता. मधल्या वयाचा, तांड्याचा नायक. त्याने खुलासा केला. "इचा मानूस. खेचरं घेऊन पलटनीत गेलता, मोठ्या लढाईत. लढाई संपल्यावर हे डाकेनं आलं. संगं कागद होता, पाटलानं अंगठा घेतला. कागद कोनाले वाचता येये? पावसात भिजून गेला."

"आणि तो स्वतः?"

"येईन थो," म्हातारी म्हणाली. शेतावर गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली.

पुतण्या समजावणीच्या सुरात म्हणाला, "आमचे मानसं असेच जात गुरुजी. आज्याच्या टायमाले बैल घेऊन गेले की दोन-दोन वरसं नाई येत. पह्यले चांदी येत जाय, मंग मानूस येत जाय."

मी भिंगातून कड वाचत होतो. पलटण तीच. हुद्दा तोच. नाव तेच. मी ते मोठ्याने वाचलं, तशी साठीची ती बाई ओढणी तोंडावर घेऊन वळली आणि हसायला लागली. नवऱ्याचं नाव तिच्या कानावर किती वर्षांनी पडलं असेल कोण जाणे. नंबराचे पहिले तीन आकडे तेच. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, आकड्यावर डाव्या कडीची चांदी ओघळून बसली होती. सोनाराने कडी जोडताना तो बुजवला होता. तीन आकडे जुळल्याचा मला एवढा आनंद झाला की चौथ्याचं भान राहिलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला तिथेच कळली आणि तिचा मला मोठा अभिमान वाटला. माणूस लढाईत मेला तर त्याचं मेडल वारसाला पाठवत. हिला ते डाकेने आलं याचा अर्थ स्वच्छ होता. नवरा मेल्याची खूण तिने तो जिवंत असल्याची खूण म्हणून गळ्यात घातली होती, आणि तिच्या जोरावर चाळीसेक वर्षं सवाष्णीचा मान घेत होती. लग्नात हळद लावायला पुढे, बाळंतिणीची ओटी भरायला पुढे. मी हे यवतमाळला जाऊन वकिलांना अगदी रंगवून सांगितलं. सापडलेली गोष्ट पोटात ठेवायची अक्कल मला असती तर हे पुढचं काही घडलं नसतं.

वकिलांनी लगेच कचेरीला पत्र टाकलं. नंबर अर्थातच त्यांच्याजवळच्या काशाच्या मेडलाचा दिला, कारण तो पुरा वाचता येत होता. उत्तर आलं. ड्रायव्हर अमुक अमुक, बसऱ्याच्या इस्पितळात मेला, लढाई संपण्याच्या आधी, हगवणीने.

"हगवण," वकील म्हणाले. त्यांना ते फार लागलं. दोनदा चष्मा पुसून त्यांनी तो शब्द पाहिला. मग जरा वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "पण मेलाय ना. मग ती विधवा झाली. त्यांच्यात विधवा दागिने उतरवते."

मला कळायला एक क्षण लागला.

"मास्तर, तिला अंधारात ठेवणं हे पाप आहे," ते म्हणाले. "सत्य सांगणं आपलं कर्तव्य आहे." कोर्टात त्यांना सत्याची एवढी निकड कधी लागल्याचं ऐकिवात नव्हतं. मी हे त्यांना तोंडावर म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कधी जायचं?" मलाही तो सेट पुरा झालेला बघायचा होता. माझ्या डब्यात नाही तर नाही, त्यांच्या कपाटात तरी.

एका पक्षकाराची जीप मागून आम्ही गेलो. वकिलांनी काळा कोट घातला होता. तांड्यावर बाजा टाकल्या, पाणी आलं, माणसं जमली. म्हातारी समोर येऊन जमिनीवर बसली, गळ्यात माळ होतीच. वकिलांनी उभं राहून ते इंग्रजी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, जावक क्रमांकासकट वाचून दाखवलं. कोणालाही अक्षर कळलं नाही. कळू नये असंच वाचन होतं ते. मग खाली बसून कपाळ पुसत म्हणाले, "मास्तर, समजावून सांगा."

आणि मी समजावून सांगितलं. वर्गात सांगतो तसं, पायरी पायरीने. बसरा कुठे आहे, तिथे पाणी कसं वाईट होतं, इस्पितळ म्हणजे काय, मेडल वारसाला का पाठवतात. शेवटी सवयीने "समजलं?" असंही विचारलं. त्या एका शब्दासाठी मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी होती.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"थो दुसरा असन," ती म्हणाली. "एकाच नावाचे दोघं होते. आमचा अन् खालच्या तांड्यावरचा. एकाच दिवशी संगं भरती झालते. थो दुसरा मेला असन."

नायकाने दुजोरा दिला. "व्हय साहेब, होता तसा एक. त्याच्या घरचं आता कोनी राह्यलं नाई."

वकिलांच्या कपाळावर आठी पडली. उलटतपासणीत अडाणी साक्षीदार भलतंच बोलला की पडायची तीच. "बाई, नावं शंभर जणांची सारखी असतात. नंबर एका माणसाचा एकच असतो. मास्तरांनी तुझ्या गळ्यातला नंबर स्वतः वाचलाय. सांगा मास्तर, जुळतो की नाही?"

सगळा तांडा माझ्याकडे बघायला लागला. मला ते तीन आकडे आठवले आणि चौथ्यावरची चांदीही आठवली. आठवली नाही असं म्हणालो तर आज इतक्या वर्षांनी पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल. एकदा पुढे होऊन, जरा थांबा, शेवटचा आकडा मी पाहिलेला नाही, एवढं म्हणायचं होतं. पण जीप मागून आणलेली, वकील काळा कोट घालून आलेले, आणि मी त्या सगळ्या मंडळींत एकटा विद्वान.

"जुळतो," मी म्हणालो.

म्हातारीने माळेतलं ते मेडल मुठीत धरलं.

"मंग हे कोनं धाडलं?"

"सरकारने," मी म्हणालो.

"त्यानं नाई?"

"नाही. सरकार सगळ्यांनाच देतं."

तिने माळ मानेवरून काढली, दोरा दातांनी तोडला, मेडल वेगळं केलं आणि वकिलांच्या बाजेवर टाकलं. रुपये तिच्या ओटीत सांडले. "सरकारनं देल्लं त मले कायले?" ती म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं. बाजारात कोणी कीड लागलेली तूर दाखवली असती तर ती तशीच बोलली असती.

मग बायका उठल्या आणि तिला आत घेऊन गेल्या. आतून आधी काही ऐकू येईना आणि मग सगळ्यांचा मिळून आवाज आला. दंड इतके वाळले होते की चूडो उतरायला काही कष्ट पडले नाहीत, असं नायकाने मला नंतर सांगितलं. वकील म्हणाले की आता आपण थांबणं बरं दिसत नाही. मेडल मात्र त्यांनी त्याआधीच रुमालात बांधलं होतं.

वाटेत ते फार खुशीत होते. त्या बाईने किती धीराने सत्य पचवलं यावर त्यांनी एक भाषण तयारही केलं. सव्वीस जानेवारीला ते होणार हे उघड होतं, आणि पुढे झालंही.

मेडलाला लावलेल्या कड्या त्यांच्या डोळ्यांना खुपत होत्या. जवानाचं मेडल बाईच्या दागिन्यासारखं दिसू नये म्हणून त्या काढून आणायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी दारव्ह्याच्या सोनाराकडे गेलो. त्याने मेडल तापवलं, दोन्ही कड्या अलगद सोडवल्या, वर बसलेली चांदी पुसून घेतली आणि तुकडा पाण्यात टाकून माझ्या हातावर ठेवला. मी भिंग लावलं. काशाच्या मेडलावर शेवटचा आकडा सात होता. यावर आठ होता.

मी तिथेच शेगडीपाशी बसून राहिलो. सोनाराने विचारलं, "काय झालं मास्तर? नाव गेलं काय?" मी म्हणालो, नाव आहे. एकाच नावाचे दोन गडी एका रांगेत उभे राहिले होते आणि कारकुनाने त्यांना एकापुढचा एक नंबर दिला होता. मेला तो सात नंबरचा. म्हातारीने हे मला समोर बसून सांगितलं होतं आणि मी तिला भूगोल शिकवला होता.

वकिलांना सांगितलं तर ते आधी म्हणाले, एका आकड्याने काय होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की काय होतं. सेट होत नव्हता. त्यांनी मेडल पुन्हा उलटंसुलटं पाहिलं, कड्यांच्या जागचे चट्टे पाहिले आणि ते माझ्याकडे सरकवलं. "मग हे मला ठेवून काय करायचं? तुम्हीच ठेवा." त्या बाईचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अहो, इतकी वर्षं आला नाही म्हणजे मेलेलाच की. आपण काही चुकीचं नाही सांगितलं." हा माणूस खुनाचे खटले चालवत असे.

मी त्यांच्याकडून शेवटचा एक छापील कागद मागून घेतला आणि आठ नंबरची चौकशी केली. उत्तर यायला पाचेक महिने लागले. ड्रायव्हर अमुक अमुक लढाईतून सुखरूप परतला, कराचीच्या बंदरात उतरला आणि तिथेच त्याने नोकरी सोडली. मेडल त्याने नंतर स्वतः येऊन घेतलं होतं. नोंदवहीत त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. त्याच्यापुढे त्याची काही माहिती कचेरीकडे नव्हती.

म्हणजे मेडल त्याच्या हातात पडलं होतं. तिथून ते तांड्यावर आलं, ते दुसरं कोण पाठवणार? म्हातारी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. ज्यांना एबीसीडी येत होती ते दोघे चुकले होते.

ते पत्र खिशात घेऊन मी चार महिने काढले. आधी परीक्षा होत्या, मग उन्हाळा होता, मग सायकलीची चेन तुटलेली होती. वकिलांच्या भित्रेपणावर मी इतकी वर्षं हसलो, पण त्यांना निदान पाल दिसावी लागे. शेवटी एका रविवारी मी गेलो.

म्हातारी दारात बसून वाळलेल्या शेंगा सोलत होती. दंड उघडे होते आणि चूडो जिथे बसायचा तिथली कातडी बाकीच्या हातापेक्षा गोरी होती. कानांजवळचे केस नुसतेच मागे ओढलेले होते. शेजारच्या घरी लग्नाची हळद चालली होती, गाणी ऐकू येत होती, आणि तांड्यातली सगळ्यात मोठी बाई इकडे एकटी शेंगा सोलत होती. मी ते पत्र काढलं. या वेळी इंग्रजी वाचलं नाही. मरण पावला तो दुसरा, तुझा माणूस लढाईतून जिवंत परतला होता, हे मेडल त्याने स्वतः घेतलं आणि त्यानेच पाठवलं, एवढं एका दमात सांगून टाकलं आणि मेडल तिच्यासमोर ठेवलं.

तिचे हात थांबले. मेडल तिने उचललं नाही, वाकून नुसतं पाहिलं.

"कड्या कोठं गेल्या?"

"काढल्या. त्यांच्याखाली नंबर होता."

"मंग मले म्हणले तवा नंबर पाह्यला नव्हता?"

"नाही," मी म्हणालो. "शेवटचा आकडा नव्हता पाहिला."

"म्या सांगतलं होतं, दुसरा असन म्हून."

"हो."

तिने चार शेंगा सोलल्या. तो आता कुठे आहे, जिवंत आहे का, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत बसलो होतो. तिने ते विचारलंच नाही. मी म्हणालो, मी नायकाला सांगतो, सगळ्यांना बोलावून सांगतो, चूक माझी होती, तुम्ही पुन्हा सगळं घाला.

"उतरलं थे पुन्ना नाई घालत," ती म्हणाली. "अन् बिनाचूड्याच्या बाईनं मानसानं धाडलेली चांदी गळ्यात कशी घालावी?" तिने मेडल दोन बोटांनी उचलून माझ्या बाजूला सरकवलं. "घेऊन जा गुरुजी. तुमालेच पाह्यजे होतं ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ती पुढची शेंग सोलायला लागली. मग मी ते उचललं, रुमालाने पुसलं आणि खिशात ठेवलं.